तिसरा वाटा : डेलियाच्या फुलाचा इतिहास

(रेडिओवरील भाषण)

पौष-माघांत माझ्या अंगणांत एक डेलिया फुलतो. रंग काळसर लाल, पाकळी मखमलीसारखी, फूल पसरलेल्या पंजाएवढें. रस्त्यानें जाणारे लोक फाटकाशीं थांबतात व विचारतात, "मास्तर, हा कोठून आणलात?" या प्रश्नाला माझ्यापाशीं दोन उत्तरें आहेत. लहान उत्तर असें कीं, एका स्नेह्यानें दिला. लांब उत्तर मेक्सिकोच्या डोंगरांत सुरू होतें आणि त्या स्नेह्याच्या पडवींत येऊन पोहोंचतें. शाळेंत मीं मुलांना इतिहास शिकविला तो बहुतेक लढायांचा व तहांचा. आज एका फुलाचा इतिहास सांगावा असें योजिलें आहे.

डेलियाचें माहेर म्हणजे मेक्सिको व मध्य अमेरिका येथील उंच, थंड हवेचा मुलूख. तेथील आझ्टेक लोकांना हें झाड चांगलें परिचयाचें होतें. त्यांच्या भाषेंतील त्याच्या एका नांवाचा अर्थ 'पाण्याची नळी' असा सांगतात. कारण याच्या कांहीं जातींचे दांडे वेळूसारखे उंच व आंतून पोकळ असतात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें आपला वैद्य फ्रान्सिस्को हेर्नांदेस यास तिकडील वनस्पतींची माहिती मिळविण्यास पाठविलें. इ. स. १५७१ पासून १५७७ पर्यंत तो मेक्सिकोंत हिंडला व त्यानें सुमारें तीन हजार वनस्पतींचीं वर्णनें लिहिलीं. त्यांत डेलियाही आहे. परंतु तो ग्रंथ रोम येथें छापून निघाला तो १६५१ सालीं. त्या वेळीं हेर्नांदेसला जाऊन चौसष्ट वर्षें लोटलीं होतीं. अशा रीतीनें फूल युरोपांत प्रथम आलें तें कागदावर. मातींत यावयास त्याला आणखी सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

मधल्या काळांतील एक हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मेक्सिकोंत निवडुंगावर एक बारीक किडा पोसतात. त्यापासून उत्तम किरमिजी रंग निघतो. हा धंदा स्पेननें आपल्या मुठींत ठेविला होता. १७७७ सालीं तिएरी द मेनोंव्हील नांवाचा एक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ खरा हेतु लपवून मेक्सिकोंत शिरला व ते किडे निवडुंगासह पळवून फ्रेंचांच्या सांतो दोमिंगो बेटावर घेऊन गेला. वाटेंत एका बागेंत आपण विलक्षण सुंदर फुलें पाहिलीं, असें त्यानें लिहून ठेविलें; तीं डेलियाचींच असावीं असें मानतात. पुढें १७८० सालीं तो वारला, आणि त्यानें एवढ्या साहसानें आणलेले ते मोलाचे किडेही थोड्याच काळांत नष्ट झाले. दुसऱ्या कोणाच्या हातीं ते वेळीं पोहोंचले असते, तर कदाचित् तगलेही असते.

फुलाचें नशीब निराळें निघालें. मेक्सिको शहरांतील वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विसेंते सेर्वांतेस यांनीं १७८९ सालीं माद्रिदच्या राजोद्यानाकडे डेलियाच्या बिया पाठविल्या. तेथें रोपें उगवलीं, फुललीं, आणि आबे काव्हानियेस या शास्त्रज्ञानें १७९१ सालीं त्यांचें वर्णन छापून त्यांस 'डेलिया' हें नांव दिलें. हें नांव अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. डाल हा थोर लिनीअसचा शिष्य. तो १७८९ सालीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, फिनलंडांत वारला. ज्या फुलानें त्याचें नांव जगभर नेलें, तें त्यानें पाहिलेंही नव्हतें!

आपल्याकडेही अशा नांवाचें एक उदाहरण आहे. सह्याद्रीच्या रानांत कुंभा नांवाचा वृक्ष असतो. त्याचें शास्त्रीय नांव 'करेया' असें आहे. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यानें तें आपला मित्र विल्यम कॅरी याच्या नांवावरून ठेविलें. हा कॅरी म्हणजे १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापणारा श्रीरामपूरचा मिशनरी. तो हाडाचा बागवान होता; या दोघांची बियांची व रोपांची देवघेव अखंड चाले. १८१५ सालीं रॉक्सबर्ग वारला. त्याचा भारतीय वनस्पतींवरील मोठा ग्रंथ अप्रकाशित राहिला होता. त्याचा पहिला खंड कॅरीनें १८२० सालीं छापून काढिला. त्याच वर्षीं त्यानें कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक मंडळ स्थापिलें. अशा मंडळांनीं परदेशची बियाणीं व रोपें मागवून हिंदुस्थानांतील बागांना पुरविलीं. मित्राचें नांव मित्रानें झाडाला दिलें, आणि मित्राचें काम मित्रानें तडीस नेलें. कुंभ्याच्या झाडाखालून जातांना मला या दोघांची आठवण होते.

पुन्हा माद्रिदकडे वळूं. तेथून डेलिया हातोहात पसरला. १८०२ सालीं त्याचे कंद पॅरिसच्या उद्यानांत गेले. कंद बटाट्यासारखे दिसतात म्हणून ते खाण्याच्या उपयोगाचे होतील अशी तेथें आशा होती. पण ती चव ना माणसांना रुचली ना गुरांना. इंग्लंडांत प्रथम आलेलीं रोपें टिकलीं नव्हतीं. १८०४ सालीं लेडी हॉलंड हिनें माद्रिदहून आपल्या लंडनच्या घरीं बिया धाडल्या, आणि घरच्या ग्रंथपालानें त्या काळजीपूर्वक वाढवून फुलविल्या. त्याच सुमारास हम्बोल्ट व बाँप्लां या प्रवासी मित्रांनीं मेक्सिकोहून युरोपांत बिया पाठविल्या. बर्लिनच्या विल्डेनोनें या झाडास 'गेओर्गिना' असें निराळें नांव दिलें. रशियांत आजही तेंच चालतें.

याच काळांतील नेपोलियनची राणी जोसेफीन हिची एक दंतकथा सांगतात. तिच्या बागेंतील डेलिया तिला इतका प्रिय होता कीं, ती एकही कंद कोणास देईना. शेवटीं एका सरदारानें माळ्याला लांच देऊन कंद मिळविले. तें कळतांच राणी संतापली आणि तिनें आपले सगळे डेलिया उपटून टाकविले. कथा खरी असो वा खोटी. फूल झाकून ठेवणाराला त्याचा आनंद फार दिवस मिळत नाहीं, इतकें तीतून घ्यावें.

आतां या झाडाच्या स्वभावाविषयीं दोन शब्द. बहुतेक वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेंतल्या डेलियांत आठ असतात. त्यामुळें बी पेरलें कीं पोर आईबापांसारखें निघेलच असा भरंवसा नाहीं. एकाच फुलाच्या बियांतून दहा रंगांचीं रोपें येतात. त्या बळावर थोड्याशा एकेरी रानफुलांपासून दोनशें वर्षांत हजारों प्रकार निर्माण झाले. निळा तेवढा कोणास साधला नाहीं. परंतु कंदाची गोष्ट वेगळी. कंदापासून येणारें झाड हें पहिल्या झाडाचें अपत्य नव्हे. तें तेंच झाड होय. मित्रानें दिलेला कंद आपल्याकडे फुलतो तेव्हां त्याच्या दारचें झाडच आपल्या दारीं उभें असतें.

एका कंदाची मातब्बरी किती, हें १८७२ सालीं दिसून आलें. हॉलंडांतील यूट्रेख्त येथील एका रोपवाल्यास मेक्सिकोहून कंदांची पेटी आली. प्रवासांत सगळा माल कुजला होता. एकच कंद जिवंत निघाला. तो त्यानें टाकून न देतां लाविला. त्याला तांबडें भडक फूल आलें, आणि त्याच्या पाकळ्या निमुळत्या व कडांनीं मागें वळलेल्या होत्या; तसें फूल युरोपांत कोणीं पाहिलें नव्हतें. त्याच वर्षीं वारलेल्या मेक्सिकोच्या अध्यक्ष हुआरेस यांचें नांव त्यास देण्यांत आलें. आज 'कॅक्टस' म्हणून ओळखला जाणारा सारा डेलियावर्ग त्याच्या वंशांतला आहे. पुढें १९६३ सालीं मेक्सिकोनें डेलिया आपलें राष्ट्रीय पुष्प म्हणून जाहीर केलें.

आतां माझ्या स्नेह्याकडे येतों. ते टपालखात्यांत होते. आम्ही दोघे एकाच वर्षीं निवृत्त झालों, आणि त्यांनीं मला बागेच्या नादीं लाविलें. पहिल्या वर्षीं त्यांच्या गड्ड्यांतून मीं सर्वांत जाड कंद निवडून तोडून आणला. दीड महिना पाणी घातलें, कोंब येईना. त्यांनीं उकरून पाहिलें व हंसून म्हणाले, "मास्तर, कंद धष्टपुष्ट आहे, पण आंधळा आहे!" डेलियाचा डोळा कंदावर नसतो, कंद जेथें जुन्या दांड्याला चिकटतो त्या मानेवर असतो. तेवढा भाग सोबत आला नाहीं तर कंद नुसता फुगून राहतो.

त्यांचा एक नियम होता. फाल्गुनांत पानें पिवळीं पडलीं कीं गड्डा काढावयाचा, सावलींत सुकवावयाचा, आणि त्याचे तीन वाटे करावयाचे : एक आपला, एक ज्यानें दिला त्याचा, आणि एक नव्या माणसाचा. मला तिसरा वाटा जिवावर येई. "सगळेच ठेवले तर पुढल्या वर्षीं वाफा भरून जाईल," असें मी म्हणें. ते म्हणत, "घर गळतें, उंदीर येतो, माणूस जातो. तिसरें घर असूं द्या." त्यांच्या भिडेखातर मीं एक वाटा आमच्या आळींतील शिंप्यास दिला व नियमही सांगून ठेविला. खरें सांगतों, देतांना मीं त्यांतला लहानांत लहान कंद शोधला होता.

पुढल्या वैशाखांत माझे स्नेही अल्पशा आजारानें गेले. वहिनी मुलाकडे राहावयास गेल्या. सामान आवरतांना वाळूची ती पेटी निरुपयोगी म्हणून कोणीं तरी फेंकून दिली. त्याच श्रावणांत माझ्या माळ्यावर पाणी झिरपलें. पेटी उघडली तों सगळ्या कंदांचा चिखल झालेला! एवढा मोठा माणूस मी, पण त्या पेटीपाशीं बसून रडलों. स्नेह्याच्या हातची शेवटची वस्तु माझ्या हातून गेली होती.

आश्विनांत एके दिवशीं शिंपी दारीं आला. हातांत कागदाची पुडी. म्हणाला, "मास्तर, हा तुमचा वाटा. देणाऱ्याचा वाटा परत द्यायचा, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना!" पुडींत दोन कंद होते, दोन्ही डोळस. मीं अनिच्छेनें दिलेला तो लहानगा कंद त्याच्या घरीं वाढून गड्डा झाला होता. आज माझ्या दारीं फुलतो तो हाच डेलिया.

श्रोतेहो, युरोपांत थंडी पडण्यापूर्वीं कंद काढून ठेवतात. आपल्या घाटमाथ्याच्या बाजूस ते पावसापासून जपावे लागतात. कोरड्या वाळूंत, थंड जागीं ठेवावे, मधून मधून पाहावे, आणि पाऊस ओसरल्यावर आश्विनांत लावावे. परंतु सर्वांत भरंवशाची जागा माझ्या मतें दुसऱ्याचें अंगण ही आहे. आपल्या घरीं डेलिया असेल तर येत्या फाल्गुनांत तीन वाटे अवश्य करा. आणि तिसऱ्या वाट्यांत कंद निवडतांना तो लहान शोधूं नका, डोळा मात्र पाहून द्या. इतकें सांगून आपली रजा घेतों.