पहिल्यांदा बोटीत पाय ठेवताना

लोणखेड्याहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे आमच्या बचतगटाच्या सगळ्याजणी. माईकसमोर एकीचं तोंड असलं तरी बोलणं सगळ्यांचं आहे.

मागच्या महिन्यात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका ताईने मोबाईल पुढे केला. तिच्या मुंबईच्या भाचीने एक जाहिरात पाठवली होती. सात-आठ मजल्यांची पांढरी बोट, वर पोहण्याचा तलाव, रात्री गाणी आणि सकाळी गोवा. "आपण जाऊ या का?" ताई म्हणाली. सगळ्या हसल्या. मग एकेकीचे प्रश्न सुरू झाले. पैसे किती? जेवण कसलं? उलट्या होतात का? नऊवारी चालेल का? कोपऱ्यात बसलेल्या मावशींनी मात्र एकच विचारलं, "बुडाली तर?" आणि त्या हसल्या नाहीत. मावशींचं माहेर धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या काठचं आहे.

आम्ही गोमाई-तापीकाठची माणसं. समुद्र आमच्यापैकी बऱ्याचजणींनी टीव्हीतच पाहिला आहे. म्हणून ठरवलं की आधी जरा मागे वळून पाहू. आपल्या मराठी बायका पहिल्यांदा बोटीत बसल्या, तेव्हा काय झालं? त्यांच्याकडून जे कळेल ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

एके काळी समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं मानत. परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर जातीबाहेर बसावं लागे. पुरुषांची ही गत, तर बाईचं काय! तरीही १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात दोन मराठी बायका बोटीत चढल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी निघाल्या आणि २० एप्रिलला मुंबईहून पंडिता रमाबाई.

आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर व्हायला अमेरिकेला चालल्या होत्या. पती गोपाळराव बरोबर नव्हते. ओळखीच्या एका मिशनरी बाईंची सोबत होती. निघण्याआधी २४ फेब्रुवारीला त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, भरसभेत भाषण केलं. तू का जातेस, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकलं तर काय करशील, असे लोकांचे प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. मग जवळजवळ दोन महिने प्रवास करून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. शाकाहार सोडला नाही. ज्या बोटीवर सगळा स्वयंपाक मांसाहारी लोकांसाठी, तिथे दोन महिने असं राहणं म्हणजे काय, हे उपवास करणाऱ्या बाईला सांगायला नको. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, क्षयाने गेल्या.

रमाबाईंच्या कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. नवरा वारलेला, घरचा आधार नाही. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं होतं, त्याच्या विक्रीतून बोटीच्या भाड्याची सोय केली. आणि पोहोचल्यावर आपला प्रवास मराठीत लिहून पाठवला. 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने तो त्याच वर्षी छापला गेला. म्हणजे बाईने केलेल्या समुद्रप्रवासाचं वर्णन मराठीत येऊन आज एकशे चाळीस वर्षांवर झाली.

या दोघींकडून आम्ही तीन गोष्टी टिपून घेतल्या. निघण्याआधी प्रश्न मोकळेपणाने ऐकायचे आणि उत्तरं तयार ठेवायची. भाड्याचे पैसे आपले असावेत. आणि खाण्याचं आधी विचारून घ्यायचं.

पण या दोघी विलायतेला गेल्या. साध्या घरातल्या बायका बोटीत बसल्या त्या कोकणात. रस्ते नव्हते, घाट अवघड, रेल्वे तर १९९८ साली पूर्ण झाली. त्यामुळे शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईची आगबोट हीच कोकणाची एसटी होती. मुंबईत भाऊचा धक्का आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी तो १८४१ च्या सुमारास बांधला. त्यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. गिरणीत काम करणारा चाकरमानी, त्याची बायको, पोरं, ट्रंक, वळकटी, आंब्याच्या पेट्या, सगळं या बोटींनी आलं-गेलं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी एकेक बंदरं घेत बोट जाई.

गरिबाचं तिकीट डेकचं. म्हणजे उघड्या फळीवर आपली चटई टाकायची आणि आपली जागा धरून बसायचं. भाकरी, चटणी, पाण्याचा तांब्या घरचा. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि लोक पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत जात. पडाव वर-खाली हलतोय, बोटीची शिडी समोर लोंबतेय, कडेवर पोर आहे, आणि लाट वर आली की नेमका तेव्हाच पाय टाकायचा. आपल्या कोकणातल्या आज्या हे लुगडं सावरून करत होत्या.

आणि उलट्या? कोकणात त्याला म्हणतात 'बोट लागली'. आपल्याकडे एसटी लागते तशीच. शरीर हलत असतं, डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र गोंधळतं आणि मळमळ सुरू होते. त्यावर जे तेव्हा चालायचं ते आजही चालतं. बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला बसा, तिथे हेलकावे कमी असतात. मोकळ्या हवेत येऊन दूर जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिकडे बघा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आलं, लिंबू जवळ ठेवा. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही.

कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग प्रवास सुरू, ही रीत उगीच पडलेली नाही. ज्या जवळच्या फेऱ्या पावसातही चालत, त्यातल्या एका बोटीची गोष्ट आता सांगायची आहे. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावस्येचा दिवस होता. सणासाठी गावी जाणारे लोक सकाळी भाऊच्या धक्क्यावर जमले आणि आठच्या सुमारास 'रामदास' बोट रेवसकडे निघाली. बोटीत सातशेच्या आसपास माणसं होती. अंतर थोडंच. पण पाऊस आणि वारा वाढला, लाटा चढल्या. काशाच्या खडकाजवळ बोट एका बाजूला कलली. घाबरून लोक एकदम एकाच बाजूला धावले. बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास कळलंच नाही. रेवसच्या बाजूचे कोळी आपल्या होड्यांतून तिकडे चालले होते, त्यांनी मासळीचा विचार न करता जमतील तेवढी माणसं वर ओढली. अलिबागकडच्या अनेक घरांत आजही त्या अमावस्येची आठवण काढतात.

मैत्रिणींनो, लाट हे तर कारण आहेच. पण माणसं एका बाजूला धावली, हे आपण लक्षात ठेवायचं. बोट कलली की जिथे आहोत तिथे खाली बसायचं आणि खलाशी सांगेल तेच करायचं. धावायचं नाही.

मोठ्या, नव्या बोटीतही हा धडा जुना होत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड सहलीची बोट खडकावर आदळली आणि ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांना संकटात कुठे जमायचं याचा सराव अजून दिलेलाच नव्हता. त्यानंतर जगभराचा नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच हा सराव घ्यावाच लागतो. भोंगा वाजतो, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, आपली जमण्याची जागा सांगतात. तेव्हा फोटो काढत बसू नका. आपली जागा कोणती, तिथे जायचा जिना कुठला, हे पायी चालून बघून या. लिफ्टवर विसंबू नका.

आता त्या जाहिरातीकडे येऊ. मुंबईहून २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट गोव्याला सुरू झाली होती. दर्यावर्दी कान्होजी आंग्रे यांची आठवण त्या नावात होती. २०२१ पासून त्याहून मोठ्या सहलीच्या बोटी मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जातात. आम्ही चौकशी केली ती अशी.

जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा असतो आणि तोही एका खोलीत दोघी असतील तर. त्यावर कर आणि बंदराचे पैसे वेगळे. रोजचं जेवण धरलेलं असतं. काही खास खाणं-पिणं, मालिश, किनाऱ्यावर उतरून फिरणं याचे पैसे बहुधा निराळे. म्हणून एकच प्रश्न विचारा, "घरी परत येईपर्यंत एकूण किती?" आणि तो आकडा लेखी घ्या. त्यात शहाद्याहून मुंबईचं जाणं-येणं आणि मुंबईतला एक मुक्काम धरा. बोट कोणासाठी थांबत नाही. दार तर सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होतं. त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. आपल्याकडे माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ असतो, तो आधी मिटवा. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो कोण काढणार ते विचारा. गरोदर बाईला ठरावीक महिन्यांनंतर घेत नाहीत, बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांची मर्यादा लावतात. घरचं शिजवलेलं अन्न बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणजे डेकवरच्या आजीची भाकरी इथे चालणार नाही. शाकाहारी, जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच लिहून द्या. किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते. बोटीवरच्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर मोठं बिल येऊ शकतं, म्हणून फ्लाइट मोड लावा आणि घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या सामानात नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

आणि पैशाचं. बैठकीत आम्ही स्पष्ट ठरवलं की गटाच्या कर्जातून सहल नाही. ज्यांना जायचं त्यांनी वेगळी भिशी लावायची. रमाबाईंनी पुस्तक विकून भाडं जमवलं. आपण पापड विकून जमवू, उशीर झाला तरी चालेल.

शेवटचं बोलणं मावशींसाठी आहे. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण सरदार सरोवराचं पाणी आहे. नर्मदाकाठच्या पाड्यांना बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळ्यासाठी बोटच आहे. तरंगता दवाखानाही तिथे बोटीतूनच येतो. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भुषा गावाजवळ नर्मदेच्या पूजेला गेलेल्यांची बोट उलटली. बोटीत माणसं जास्त झाली होती. बुडालेल्यांत लहान मुलं होती. मावशींनी बैठकीत एवढंच सांगितलं, "आम्हाला तिकीट कोण देतं? जॅकेट कोण देतं? बोट आली की चढायचं." त्यावर कोणी बोललं नाही.

मग मुंबईच्या बोटीचा विषय बाजूला ठेवून आम्ही एक ठराव लिहिला. गटातली कुठलीही बाई, समुद्र असो की नर्मदा की प्रकाशाच्या संगमावरची होडी, भरलेल्या बोटीत चढणार नाही. पुढच्या फेरीला थांबेल. लाइफ जॅकेट मागून घेईल आणि आधी लेकराला घालेल. बोट हलली तर बसून राहील. जॅकेट नसतील तर ग्रामसभेत ती मागणी लेखी देऊ. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बोटीची नोंदणी आणि जीवरक्षक साधनं यांच्या तरतुदी आहेत, ती कोणाची मेहेरबानी नाही.

ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. मावशींनी अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नाव. गोव्याच्या भिशीत आतापर्यंत सहा जणींची नावं आली आहेत. सातवं नाव मावशींचं आहे.

तुमच्या गटात हा ठराव वाचून दाखवा, आणि संक्रांतीआधी वाचा.