पाव घेऊन विधानसभेत गेलेल्या बायका

आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका बाईची आणि तिच्या संघटनेची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात आपल्या गावापासून करते.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटात ठरलं, की घराच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावून घ्यायचं. मला वाटलं, सगळ्या हौसेनं पुढे येतील. पण एका काकूंनी अर्ज कोराच परत दिला. म्हणाल्या, "ताई, आज घर त्यांचं हाय म्हणून घरपट्टी ते भरतात, पत्रं ते बदलतात. उद्या माझं नाव लागलं की म्हणतील, तुझं बी घर हाय, भर अर्धे. मी कुठून भरू?" दोन-तीन जणींनी माना डोलावल्या. मला राग आला. मनात म्हटलं, बाईच बाईच्या आड येते.

पण बी.ए.ला असताना वाचलेला इतिहास आठवला आणि राग जरा निवळला. तोच आज सांगते.

१९७२ सालची गोष्ट. २२ मार्चला अमेरिकेच्या संसदेनं संविधानात एक दुरुस्ती मंजूर केली. समान हक्क दुरुस्ती. इंग्रजीत जेमतेम २४ शब्दांचं वाक्य. अर्थ एवढाच, की बाई आहे की पुरुष आहे या कारणावरून कायद्यानं कुणाचे समान हक्क नाकारू नयेत. ॲलिस पॉल नावाच्या कार्यकर्तीनं ही मागणी १९२३ मध्ये पहिल्यांदा पुढे आणली होती. म्हणजे पन्नास वर्षं वाट पाहून ती संसदेत मंजूर झाली. वरिष्ठ सभागृहात ८४ मतं बाजूनं पडली, विरोधात फक्त ८.

पण तिथं संविधान बदलायचं तर संसदेची मंजुरी पुरत नाही. ५० पैकी ३८ राज्यांच्या विधानसभांनीही होकार द्यावा लागतो. त्यासाठी सात वर्षांची मुदत होती. पहिल्या वर्षभरातच ३० राज्यांनी होकार दिला. राहिली फक्त आठ. सगळ्यांना वाटलं, झालंच आता काम.

तेव्हा आडवी आली फिलिस श्लाफ्ली. इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावची, सहा मुलांची आई, श्रद्धाळू कॅथलिक. ती स्वतःला गृहिणी म्हणवायची, पण साधी गृहिणी नव्हती. लहानपणी मंदीत वडिलांची नोकरी गेली, तेव्हा आईनं कमावून घर चालवलं होतं. फिलिसनं स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून कॉलेजची फी भरली. राजकारणावर पुस्तकं लिहिली. दोनदा संसदेची निवडणूक लढवली आणि हरली. आणि हीच बाई भाषणाला उभी राहिली की सुरुवातीला म्हणायची, मला इथं येऊ दिल्याबद्दल मी माझ्या नवऱ्याचे आभार मानते. तिच्या विरोधातल्या बायका त्यानं चिडायच्या. ते तिला माहीत होतं, म्हणूनच ती ते म्हणायची.

१९७२ मध्येच तिनं दुरुस्तीविरोधी मोहीम उघडली. नाव ठेवलं 'स्टॉप', म्हणजे थांबवा. 'आमच्या सवलती हिरावून घेऊ नका' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. १९७५ मध्ये तिनं 'ईगल फोरम' ही कायमची संघटना उभी केली. ईगल म्हणजे गरुड. कॅथलिक, बाप्तिस्त, मॉर्मन अशा एरवी एका बाकावर न बसणाऱ्या पंथांच्या बायका तिनं एकत्र आणल्या. कुटुंबाचा प्रमुख नवरा आणि घर सांभाळणं हे बाईचं देवानं दिलेलं काम, अशी त्यांची श्रद्धा. सगळ्याच ख्रिस्ती बायका तिच्या बाजूच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. अनेक चर्चमधल्या स्त्रिया आणि कित्येक नन दुरुस्तीच्या बाजूनं होत्या.

ईगल फोरमची पहिली मागणी होती, ही दुरुस्ती पाडा. पुढे यादी वाढत गेली. गर्भपातावर बंदी हवी, सरकारी शाळांत प्रार्थनेला मोकळीक हवी, सरकारी पैशातून पाळणाघरं नकोत.

त्यांनी काम कसं केलं, हे आपण बचत गटवाल्यांनी नीट ऐकण्यासारखं आहे. मोठं ऑफिस नव्हतं. फिलिस घरातूनच महिन्याला चार पानांचं पत्रक काढायची. एकीनं पाच जणींना फोन करायचा, त्या पाच जणींनी आणखी पाच जणींना, अशी साखळी. आमदाराशी कसं बोलायचं, टीव्हीवर प्रश्न आला तर काय उत्तर द्यायचं, याचं ती शिबिरात शिक्षण द्यायची. मग या बायका घरी भाजलेले पाव आणि मुरंब्याच्या बरण्या घेऊन विधानसभेत जायच्या. भाकरी करणाऱ्यांकडून भाकरी कमावणाऱ्यांना भेट, असं म्हणत प्रत्येक आमदाराच्या हातात द्यायच्या. भांडण नाही, घोषणा नाही. आमदाराला वाटायचं, ही तर आपल्याच घरातली बाई.

आणि त्या सांगायच्या काय? ही दुरुस्ती आली तर मुलींना सक्तीनं सैन्यात जावं लागेल. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालू होतं, म्हणून ही भीती लगेच मनात शिरायची. दुसरं म्हणायच्या, बायकोला पोसायची नवऱ्यावरची कायदेशीर जबाबदारी जाईल. पन्नाशीतल्या बाईला नवऱ्यानं टाकलं तर ती कुठं जाईल?

मैत्रिणींनो, ही भीती खोटी नव्हती. त्या काळी अमेरिकेत पुरुषाला एक डॉलर मिळायचा तिथं बाईला ५९ सेंट मिळायचे. १९७४ मध्ये कायदा होईपर्यंत कित्येक बँका नवऱ्याच्या सहीशिवाय बाईला कर्ज देत नव्हत्या. जिचं सगळं आयुष्य चुलीपाशी गेलं, तिला समानता म्हणजे हातातला आधार काढून घेणं वाटलं, तर नवल काय? आमच्या काकू अगदी हेच बोलत होत्या.

पण ज्या आधारासाठी त्या भांडत होत्या, तो खरंच होता का? त्याच देशातल्या नेब्रास्का राज्यातला एक खटला सांगते. एक शेतकरी बाई, तीस वर्षांहून जास्त संसार झालेली. नवऱ्याकडे जमीन होती, बँकेत पैसा होता, पण तो हिच्या हातावर काही ठेवायचा नाही. घरात न्हाणीघर नाही, स्वयंपाकघरात मोरी नाही. कोंबड्या पाळून, अंडी विकून ती घरातलं वाणसामान आणि स्वतःचे कपडे आणायची. शेवटी ती कोर्टात गेली. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नवराबायको एका घरात राहतात तोवर नवऱ्यानं किती खर्च करायचा यात कोर्ट पडणार नाही. म्हणजे पोसायची जबाबदारी कागदावर होती, पण घरात नांदणाऱ्या बाईला ती मागता येत नव्हती. पुढे याच नेब्रास्कानं १९७२ मध्ये समान हक्क दुरुस्तीला होकार दिला आणि वर्षभरानं तो मागे घेतला.

मुदत वाढवून ३० जून १९८२ केली गेली, तरी गाडी ३५ राज्यांवर अडली. फिलिसच्या स्वतःच्या इलिनॉयमध्ये तीन-पंचमांश मतांची अट होती. १९८२ च्या जूनमध्ये तिथल्या सभागृहात दुरुस्तीला बहुमत मिळालं, पण तीन-पंचमांश मिळालं नाही. तीन राज्यं कमी पडली आणि दुरुस्ती पडली. पुढे नेवाडा, इलिनॉय आणि व्हर्जिनिया यांनी होकार दिला आणि २०२० मध्ये ३८ चा आकडा भरला, पण तोवर मुदत उलटून गेली होती. ती दुरुस्ती आजही तिथल्या संविधानात छापली गेलेली नाही. श्लाफ्ली २०१६ मध्ये वारली.

आपल्याकडे काय आहे, तेही सांगते. आपलं संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं, तेव्हापासून कलम १५ मध्ये लिंगावरून भेदभाव करायला सरकारला मनाई आहे. त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय, की स्त्रिया आणि मुलांसाठी सरकारला खास तरतुदी करता येतील. म्हणजे समानताही आणि आधारही. एकासाठी दुसरं सोडायला नको. अमेरिकेतल्या त्या २४ शब्दांत हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, आणि श्लाफ्लीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

या गोष्टीतून मी दोन गोष्टी शिकले. बायका एकत्र आल्या म्हणजे आपोआप बायकांचं भलं होतं, असं नाही. फोनची साखळी आणि पावाची भेट कुठल्याही कामाला जुंपता येते, म्हणून आपण कशासाठी जमतोय ते दर बैठकीला विचारायला हवं. दुसरी गोष्ट माझ्यासारखीसाठी. हक्काचा कागद घेऊन बाईकडे जायचं, तर आधी तिची भीती ऐकून घ्यावी लागते. दुरुस्तीच्या बाजूच्या पुष्कळ जणी जिंकलोच अशा समजुतीत राहिल्या आणि त्या भीतीचं उत्तर द्यायला उशिरा पोचल्या. घाबरलेल्या बाईच्या ओट्यावर श्लाफ्ली आधी जाऊन बसली होती.

म्हणून मी काकूंकडे पुन्हा गेले, या वेळी अर्ज न घेता. घरपट्टी किती येते ते विचारलं. आम्ही दोघींनी हिशेब मांडला. त्यांच्या शेळीच्या एका करडाच्या विक्रीत वर्षाची अर्धी घरपट्टी निघते, हे त्यांनीच बोटांवर मोजून मला सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि त्यांनी घराबाहेर काढलं, तर नाव असलेल्या बाईला काढता येतं का?" मी म्हटलं, तितकं सोपं राहत नाही, काकू.

त्यांनी अजून सही केलेली नाही. पण अर्ज मागून घेतलाय आणि देवळीत ठेवलाय. मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.