तालुक्याचे दप्तर आणि सर्व्हरची मेमरी

वैनगंगाकाठच्या पवनी तालुक्याचे जमीनदप्तर मालगुजारीच्या, म्हणजे मालगुजाराने गावाचा सारा सरकारात भरण्याच्या पद्धतीच्या, काळापासून पटवाऱ्याच्या, म्हणजे गावच्या जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्याच्या, बस्त्यात वाढत आले. मध्य प्रांतात घडलेली खसरा (शेतवार नोंद) व जमाबंदी (हक्क व साऱ्याची नोंद) यांची पद्धत १९५१ साली मालगुजारी संपल्यावरही टिकली आणि १९५६ नंतर, विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर, तिची जागा यथावकाश सातबाऱ्याने, म्हणजे हक्क नोंदवणारा गाव नमुना सात व पिके नोंदवणारा नमुना बारा यांच्या जोडीने, घेतली.

भूमिअभिलेख संगणकावर नेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील एकेका जिल्ह्यात सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातून विदर्भातलाच वर्धा जिल्हा होता. त्या काळी संगणकाची मेमरी, म्हणजे वीज असेपर्यंतच मजकूर धरून ठेवणारी पण डिस्कच्या कितीतरी पट वेगवान जागा, फार महाग होती. संगणकतज्ज्ञ जिम ग्रे व फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ साली एका मेगाबाइटला सुमारे ५,००० डॉलर धरून हिशेब मांडला आणि जी माहिती साधारण पाच मिनिटांत पुन्हा लागते तेवढीच मेमरीत ठेवणे परवडते, असा नियम काढला. पटवारीही चालू गावाची वही समोर उघडी ठेवून बाकीचे बस्ते बांधूनच ठेवत असे.

पवनीसारख्या धानाच्या तालुक्यात हा नियम ऋतूप्रमाणे ताणला जातो, कारण खरिपाच्या पीककर्जासाठी पावसाळ्याच्या तोंडावर सातबाऱ्याच्या उताऱ्यांची मागणी एकदम वाढते. म्हणून हे उतारे पुरवणाऱ्या सर्व्हरची मेमरी सरासरी दिवसावर नव्हे, तर त्या गर्दीवर बेतावी लागते. एक लाख उतारे व प्रत्येकी दहा किलोबाइट असे धरले, तर सारा मजकूर एका गिगाबाइटच्या आसपास भरतो. शोध लवकर लागावा म्हणून केलेल्या सूची व संगणक चालवणारी मूळ प्रणाली मिळवूनही आठ गिगाबाइटांच्या मेमरीत तो सुखाने मावतो. जुन्या ३२-बिट यंत्रांच्या मेमरीला मात्र साधारणतः चार गिगाबाइटांची मर्यादा होती.

फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदीचे, गणित निराळे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या, याच तालुक्यातील गोसेखुर्द धरणासाठी जमिनी संपादित झाल्या, आणि असा प्रत्येक हक्कबदल फेरफाराची नोंद मागतो. ती नोंद आधी डिस्कवरील रोजनोंदीत पक्की झाल्याशिवाय डेटाबेस ती मंजूर मानत नाही. त्या लेखनाला जादा मेमरी फारशी वेग देत नाही, त्यामुळे लहान कार्यालयाने उरलेला पैसा दुसऱ्या डिस्ककडे व वीज गेल्यावर यंत्र सावरणाऱ्या यूपीएसकडे वळवणे अधिक रास्त ठरते.