करोनानंतरचा विसराळूपणा आणि मेंदूतील जनुके

करोनातून बरे झाल्यानंतरही अनेकांची एक तक्रार महिनोन्‌महिने कायम राहिली. ओळखीच्या माणसाचे नाव आठवत नाही, हातातले काम मध्येच विसरते, वाचलेले लक्षात राहत नाही. या अवस्थेला ‘ब्रेन फॉग’ म्हणजे मेंदूवरचे धुके असे नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये करोनोत्तर व्याधीची व्याख्या केली, तेव्हा थकवा व धाप यांच्यासोबत विचारशक्तीतील मंदपणाचाही तिच्यात समावेश केला.

भुसावळला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव, अमळनेर व भुसावळ येथे संसर्ग वेगाने पसरला आणि जिल्ह्याचा मृत्युदर राज्यात चिंतेचा विषय ठरला. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांवर येथील असंख्य कुटुंबांची उपजीविका चालते. या कामांत क्षणाचे दुर्लक्षही महागात पडते. सहायक लोको पायलटच्या भरतीत तर स्मरणशक्ती व एकाग्रता यांचीही परीक्षा घेतली जाते.

जनुके बदलतात का?

जनुकांचा मूळ मजकूर, म्हणजे डीएनए, मेंदूच्या पेशींत या आजाराने बदलतो, असे या संशोधनांत दाखविलेले नाही. बदलते ते जनुकांचे कामकाज. कोणते जनुक किती प्रमाणात कार्यरत राहावे, याचे पेशीतील गणित बिघडते. बोस्टन येथील संशोधकांनी तीव्र करोनाने मृत्यू पावलेल्या २१ जणांच्या मेंदूचा कपाळामागील भाग तपासला. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके अधिक कार्यरत, तर चेतापेशींमधील संदेशवहन व स्मृती यांच्याशी संबंधित जनुके मंदावलेली आढळली. वार्धक्यात मेंदूत दिसणाऱ्या बदलांशी हे चित्र मिळतेजुळते होते.

विशेष म्हणजे बहुतेक नमुन्यांत विषाणू सापडला नाही. यावरून विषाणू मेंदूत न शिरताही, त्याच्याविरुद्ध शरीरात उसळलेला दाह मेंदूपर्यंत पोहोचत असावा, असा तर्क केला जातो. मात्र हे सर्व रुग्ण अत्यवस्थ होते. घरीच बरे झालेल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

सौम्य आजाराचे काय?

ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूची चित्रे दोनदा घेण्यात आली. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात करोना झाला होता आणि बहुतेकांचा आजार सौम्य होता. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, गंधज्ञानाशी जोडलेल्या भागांत बाधितांची झीज इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्क्यांनी अधिक दिसली. फेब्रुवारी २०२४ मधील आणखी एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, पूर्ण बरे झालेल्यांच्या बौद्धिक चाचणीतील घट अल्प, तर लक्षणे टिकून राहिलेल्यांची अधिक आढळली. लशीच्या दोन वा अधिक मात्रा घेतलेल्यांत ही घट कमी होती.

काय करावे?

प्रत्येक विसराळूपणाचे खापर करोनावर फोडू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, मधुमेह, नैराश्य, रात्रपाळीमुळे अपुरी झोप ही कारणेही तितकीच खरी आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. शाकाहारी व्यक्तींनी ब-१२ ची तपासणी अवश्य करून घ्यावी. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, हळूहळू वाढविलेला व्यायाम आणि नियमित झोप यांनी मेंदूला बळ मिळते. श्रमानंतर थकवा वाढत असेल, तर व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

नोकरीच्या धास्तीने तक्रार दडवून ठेवणे समजण्यासारखे आहे, परंतु हितावह नाही. ही तक्रार म्हणजे आळस किंवा मनाचे खेळ नव्हेत. ती वेळीच सांगितली, तर कारण शोधता येते. ज्यांच्या हाती शेकडो प्रवाशांचे प्राण सोपविलेले असतात, त्यांनी तर ती मुळीच लपवू नये.