आतड्यातील जिवाणू आणि बालकाचे वजन : जामखेड प्रकल्पाच्या इतिहासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना :
कुपोषणाचा इतिहास बहुधा अन्नटंचाईचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दुष्काळ पडला, धान्य महागले, मुले रोडावली, असा त्याचा क्रम असतो. परंतु खाल्लेले अन्न बालकाच्या अंगी लागते की नाही, हे त्याच्या आतड्यातील जिवाणूंवरही अवलंबून असते, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. या दृष्टीने अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचा इतिहास पुन्हा तपासणे उद्बोधक ठरते.

जामखेडचा प्रयोग :
डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तत्पूर्वी उभयतांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. तेथील प्राध्यापक कार्ल टेलर हे पोषण व संसर्ग यांच्या परस्परसंबंधावरील, जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे एक लेखक होते. वारंवारच्या जुलाबांनी मूल खंगते आणि खंगलेल्या मुलास संसर्ग अधिक जडतो, हे दुष्टचक्र त्या ग्रंथाने मांडले होते.

जामखेडमध्ये या विचारास सामाजिक रूप मिळाले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावोगावी कूपनलिका खोदण्यात आल्या. त्यांवरील हातपंप अनेक ठिकाणी दलित वस्तीत बसविले गेले. त्यामुळे शुद्ध पाणी सर्वांना मिळालेच, शिवाय सवर्णांनाही पाण्यासाठी त्या वस्तीत यावे लागले. गावातूनच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. बालकांची वजने घेणे, जुलाब होणाऱ्या मुलास मीठ-साखरेचे पाणी पाजणे व त्याचे अन्न न तोडणे, ही कामे त्यांनी केली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे ४० टक्के बालके कुपोषित होती. १९८६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला.

प्रयोगशाळेची साक्ष :
अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००४ मध्ये जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले. उंदरांनी अन्न कमी खाऊनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये याच गटाने मलावीतील तीव्र कुपोषित बालकांचे जिवाणू उंदरांत सोडले. तेथील आहारावर ठेवलेल्या त्या उंदरांचे वजन झपाट्याने घटले. पुढे २०२१ मध्ये ढाका येथील बालकांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे व कच्ची केळी यांपासून केलेला, उपयुक्त जिवाणूंना पोषक असा आहार देण्यात आला. प्रचलित पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी असूनही बालकांची वजनवाढ सरस ठरली.

समारोप :
जामखेडच्या यशाचे श्रेय केवळ जिवाणूंना देता येणार नाही. अन्न, लसीकरण, स्त्रियांचा आत्मविश्वास व जातिभेदाचे शिथिल होणे यांचाही त्यात वाटा आहे. तथापि बालकाचे वजन ताटाइतकेच पाणवठ्यावरही ठरते, हे आरोग्यसेविकांनी व्यवहारात दाखवून दिले होते. आतड्यातील जिवाणूंच्या अभ्यासाने त्यामागील जैविक कारणाचा एक धागा आता हाती आला आहे. म्हणूनच पोषण आहाराचे मोजमाप केवळ ग्रॅम व उष्मांकांत करणारी योजना अपुरी ठरते. अंगणवाडीच्या वजननोंदीशेजारी वस्तीतील पाणी, शौचालय व जुलाबांची नोंदही असली पाहिजे, हाच जामखेडच्या इतिहासाचा आजचा अर्थ होय.