मल्लाची मति

पैलवानाची अक्कल गुडघ्यांत, असें आपल्याकडे थट्टेनें म्हणण्याची चाल आहे. विधात्याजवळ मनुष्यास देण्यासाठीं जणूं एकच मापटें होतें आणि तें शरीराच्या बाजूस ओतलें कीं बुद्धीची बाजू रिकामी राहावयाचीच, अशी समजूत या थट्टेच्या मुळाशीं आहे. ही समजूत केवळ आपलीच नव्हे. ग्रीसमधील जुन्या कवींपासून अमेरिकेंतील अगदीं अलीकडच्या विनोदापर्यंत सुमारें अडीच हजार वर्षें ती निरनिराळ्या वेषांत वावरत आली आहे. प्रस्तुत लेखांत तिच्या एका अलीकडच्या अवताराचा, म्हणजे 'डारिया' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेंतील केव्हिन थॉम्प्सन नांवाच्या शाळकरी खेळाडूचा, पूर्वेतिहास पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. चित्रांतल्या एका पोराची वंशावळ धुंडाळण्यांत वेळ कां दवडावा, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, समाज कोणास पूजितो हें जसें त्याच्या देवळांवरून कळतें, तसें तो कोणास हसतो हें त्याच्या प्रहसनांवरून कळतें; आणि येथें तर ज्यास पूजितात त्यासच हसतात, असा चमत्कार आहे.

प्रथम या मुलाची ओळख करून देऊं. 'डारिया' ही मालिका एम्टीव्ही या वाहिनीवर ३ मार्च १९९७ रोजीं सुरू झाली. पांच हंगामांत तिचे ६५ भाग झाले, आणि त्यांशिवाय निघालेल्या दोन लांब चित्रपटांपैकीं दुसरा २००२ च्या जानेवारींत दाखविला गेल्यावर ती संपली. लॉनडेल नांवाच्या कल्पित उपनगरांतील हायस्कूल हें तिचें मुख्य स्थळ. नायिका डारिया ही चष्मा लावणारी, पुस्तकांत रमणारी, जिभेनें तिखट मुलगी. केव्हिन हा त्याच शाळेच्या फुटबॉल-संघाचा 'क्वार्टरबॅक'. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाचा, पायानें चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें व फेंकावयाचें असतें, आणि प्रत्येक डावाचा आरंभ बहुधा क्वार्टरबॅकच्या हातून होतो. डझनावारी डावपेंच ध्यानांत ठेवून क्षणार्धांत निर्णय घेण्याचें हें काम आहे. म्हणजे सर्वांत अधिक डोकें ज्यास लागावें तीच जागा लेखकांनीं सर्वांत मंद मुलास दिली, हा पहिला विनोद. केव्हिन वर्गांतहि खांद्यांवरील गाद्यांसकट खेळाचा पोषाख उतरवीत नाहीं. आपण क्वार्टरबॅक आहोंत ही एक गोष्ट त्यास पक्की ठाऊक आहे, आणि जगाविषयींचें त्याचें बाकीचें ज्ञान तिच्याच भोंवतीं फिरतें. पण तो दुष्ट नाहीं. डारियानें मारलेला टोमणा त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि तो तिच्याकडे पाहून पूर्वीसारखाच हंसतो.

आतां मागें वळूं. इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांत जन्मलेला कोलोफॉनचा झेनोफेनीस हा कवि व तत्त्वज्ञ या परंपरेचा आद्य प्रवर्तक म्हणतां येईल. ऑलिंपियास जिंकून आलेल्या वीरास नगरें पुढचें आसन देतात, सार्वजनिक खर्चानें जेवूं घालतात. पण नगराचा कारभार सुधारतो तो ज्ञानानें, मुष्टियुद्धानें नव्हे, असा त्याचा आक्षेप होता. पुढें युरिपिडीसनें आपल्या एका नाटकांत ग्रीसमधील सर्व अनिष्टांत खेळाडूंच्या जातीस पहिलें स्थान दिलें. तें नाटक लुप्त झालें, तेवढा उतारा मात्र उरला. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील गेलेन हा वैद्य तर आरंभीं पर्गमम येथील ग्लॅडिएटरांचा चिकित्सक होता. शरीर फुगविण्याच्या नादांत हे लोक आपला आत्मा चिखलांत बुडवून टाकतात, असा निवाडा त्यानें तरुणांस विद्येकडे वळविण्यासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत दिला.

या साक्षीदारांकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट लक्षांत येते. कवि, तत्त्वज्ञ, वैद्य, हे सर्व लेखणीचे धनी. समाजाजवळ मानाचीं पानें मोजकीं असतात. त्यांपैकीं पहिलें पान मल्लास वाढलेलें पाहून हे रुष्ट झाले, आणि मल्लांनीं उलट उत्तर लिहून ठेविलें नाहीं. म्हणून ज्या खटल्याचा निकाल आपण शिरोधार्य मानतों त्यांत एकाच पक्षाचें बोलणें ऐकिलें गेलें आहे. क्रोटोनचा मायलो हा ऑलिंपियास सहा वेळां कुस्ती जिंकलेला मल्ल. रोज वासरूं खांद्यावर घेऊन चालतां चालतां अखेर त्यानें बैल उचलला, अशी त्याची दंतकथा आहे. दुभंगलेल्या ओंडक्यांत हात अडकून तो लांडग्यांच्या भक्ष्यस्थानीं पडला, ही शक्तीच्या गर्वाची कथा लोक आवडीनें सांगतात. पण तोच मायलो पायथागोरसच्या शिष्यमंडळांतला होता ही परंपरा मात्र क्वचितच कोणी सांगतो. प्लेटोनें याहून समतोल विचार केला. नुसत्या व्यायामानें मनुष्य रासवट होतो आणि नुसत्या संगीत-साहित्यानें अतिमृदु होतो, सबब दोहोंचा मेळ हवा, असें त्याचें प्रतिपादन आहे.

मध्यंतरींचीं शतकें ओलांडून एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत येऊं. रग्बी येथील शाळेचा विख्यात मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (१८२८ ते १८४२) यास स्वतःस खेळांचें विशेष वेड नव्हतें. त्याचा भर धर्म व शील यांवर होता. परंतु त्याचा विद्यार्थी टॉमस ह्यूझ यानें १८५७ सालीं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी लिहिली, आणि मैदानावर शील घडतें हा सिद्धान्त घरोघर पोंचला. आतां मंदबुद्धि पण मोकळ्या मनाचा खेळाडू हा हास्यास्पद न राहतां आदर्श ठरूं लागला. साम्राज्यास परीक्षेंत पहिला येणारा मुलगा नको होता. हुकूम पाळणारा व हुकूम देणारा मुलगा हवा होता. बोअर युद्धांत फजिती झाल्यावर १९०२ सालीं किपलिंगसारख्या साम्राज्यकवीनेंच खेळांत गुंगलेल्या देशबांधवांस एका कवितेंत कठोर शब्दांनीं फटकारलें, यावरून तें वेड किती वाढलें होतें याची कल्पना येते.

अमेरिकेंत मात्र या पात्रास निराळें वळण लागलें, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला तेथून तेथील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानतात. छत्तीस वर्षांत हा खेळ इतका रानटी झाला कीं, १९०५ सालीं त्यांत अनेक तरुण मृत्युमुखीं पडले आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस बोलावून कानउघाडणी केली. पुढल्या वर्षीं नियम सुधारले, देखरेखीसाठीं संघटना निघाली. पण पैसा व प्रेक्षक वाढतच गेले. इंग्लंडांतला मुलगा कुळाच्या जोरावर शाळेंत येई आणि मग खेळे. अमेरिकेंतला मुलगा खेळतो म्हणूनच त्यास कॉलेजांत आणूं लागले. एकदां आणला कीं तो विद्यार्थी आहे असें दाखविणें प्राप्त झालें, आणि या दाखविण्याच्या खटाटोपांतून 'मठ्ठ खेळाडू' हें पात्र जन्मास आलें. १९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें कॉलेजांतील खेळांविषयीं मोठा अहवाल प्रसिद्ध केला आणि खेळाडूंस गुप्तपणें द्रव्यसाहाय्य देऊन ओढून आणण्याची रीति चव्हाट्यावर मांडली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९३२ त, मार्क्स बंधूंचा 'हॉर्स फेदर्स' हा चित्रपट निघाला. त्यांतील कॉलेजाचा अध्यक्ष फुटबॉलसाठीं कॉलेजच मोडून टाकावयास सिद्ध होतो.

१९३३ सालीं जेम्स थर्बर यानें आपल्या ओहायो स्टेट विद्यापीठांतील दिवसांवर जो विनोदी लेख लिहिला त्यांत या पात्राचें पूर्ण दर्शन घडतें. बोलेन्सिएविच नांवाचा धिप्पाड गडी उत्तीर्ण झाला तरच पुढला सामना खेळूं शकणार. अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यास वाहतुकीचें एखादें साधन सांगण्यास विनवितात. उत्तर सुचेना, तेव्हां खुद्द प्राध्यापक आणि सगळा वर्ग आगगाडीचे आवाज काढूं लागतात. वाचक खदखदून हसतो. परंतु येथें अधिक हास्यास्पद कोण? गप्प बसलेला मुलगा, कीं शिटी फुंकणारे प्राध्यापक? शिवाय त्या मुलाचें नांवहि पाहण्याजोगें आहे. तें पूर्व युरोपांतून आलेल्या श्रमिकांच्या वस्तीतलें नांव आहे. पोलादाच्या कारखान्यांतून व कोळशाच्या खाणींतून राबणाऱ्या कुळांचीं मुलें त्या काळीं फुटबॉलच्या बळावर कॉलेजाच्या दारांत येत होतीं. तेव्हां मठ्ठपणास हसणाऱ्यांच्या हास्यांत वर्गाभिमानहि थोडाबहुत मिसळलेला होता, असें म्हणणें भाग आहे.

कॉलेजाचा हा रोग हायस्कुलांतहि उतरला. लहान गांवांतून शुक्रवारच्या रात्रीं शाळेचा सामना पाहण्यास सारा गांव लोटूं लागला. १९८४ सालीं टेक्सस राज्यास कायदाच करावा लागला कीं, जो विद्यार्थी एखाद्या विषयांत नापास होईल त्यास सहा आठवडे खेळतां येणार नाहीं. त्या राज्यांतील ओडेसा गांवीं राहून एच्. जी. बिसिंजर यानें १९८८ चा हंगाम पाहिला व १९९० त त्यावर 'फ्रायडे नाइट लाइट्स' हें पुस्तक लिहिलें. ज्या मुलावर सर्व गांवाच्या आशा खिळल्या होत्या त्याचा गुडघा हंगामाच्या तोंडींच दुखावला, आणि कालपर्यंत डोक्यावर घेणारे लोक त्यास कसे विसरले, याची त्यांतील हकीकत चटका लावणारी आहे.

व्यंगचित्रांत हें पात्र १९४९ सालींच 'आर्ची'च्या चित्रकथांतून मूस या नांवानें आलें होतें आणि १९६८ त 'आर्ची'च्या दूरचित्रवाणी-मालिकेंत हालूं-बोलूं लागलें. मूसचें शरीर अवाढव्य, मन लहान मुलाचें, आणि अभ्यासांत अंधार. पुढें कांहीं कथांत त्यास वाचनाचा जन्मजात दोष असल्याचें दाखविलें गेलें. म्हणजे ज्यास पिढ्यान्‌पिढ्या मूर्ख म्हणून हसलों त्यास केवळ योग्य शिक्षक मिळाला नव्हता!

केव्हिन हा या सर्वांचा वारस. परंतु 'डारिया'च्या लेखकांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं हास्याचा रोख हळूहळू मुलाकडून शाळेकडे वळविला. त्याच संघाचा कर्णधार मॅक हा हुशार व विचारी मुलगा आहे. अर्थात् शक्ति व बुद्धि यांचें वैर नाहीं हें तेथें पदोपदीं दिसतें. मुख्याध्यापिका बाईंना शाळेच्या कीर्तीची व पैशाची चिंता इतकी, कीं एका भागांत त्या शीतपेयाच्या कंपनीशीं करार करतात. इतिहासाचे शिक्षक डीमार्टिनो हे प्रश्न विचारतात, केव्हिन चुकतो, ते डोळा वटारून संतापतात. आम्ही त्याच विषयाच्या अध्यापनांत आयुष्य घालविलें असल्यामुळें त्यांची कींव आम्हांस अधिक येते. तरी प्रश्न उरतोच, कीं ज्यास कांहीं येत नाहीं असें शिक्षकांस रोज दिसतें तो दरसाल वरच्या वर्गांत चढतो कसा?

या प्रश्नाचें उत्तर मालिका तीन ठिकाणीं देते. पहिल्या हंगामाच्या अखेरच्या भागांत टॉमी शर्मन नांवाचा शाळेचा जुना वीर सत्कारासाठीं परत येतो. तो उद्धट व पोकळ निघतो, आणि त्याच्याच गौरवार्थ आणलेल्या गोलखांबाच्या खोक्याखालीं सांपडून मरतो. केव्हिनचें तें दैवत. तो गोंधळून जातो. त्यास आपलें भविष्यच मेलेलें दिसलें, पण तें ओळखण्याची शक्ति कोणीं त्यास दिलेली नाहीं. चौथ्या हंगामांत त्याच टॉमीच्या स्मरणार्थ लावलेल्या झाडावर केव्हिनची मोटारसायकल आदळते, गुडघा दुखावतो आणि तो संघाबाहेर पडतो. पोषाख गेला तशी किंमतहि गेली. आपली म्हण येथें निराळ्याच अर्थानें खरी ठरते: त्याची अक्कल गुडघ्यांत होती कीं नाहीं कोण जाणे, परंतु शाळेच्या लेखीं त्याचें सर्व मोल गुडघ्यांतच होतें. आणि शेवटच्या चित्रपटांत, सोबती कॉलेजांत जाण्याची तयारी करीत असतां, केव्हिन नापास होऊन त्याच वर्गांत राहतो. ही गोष्ट आपल्या मैत्रिणीस सांगण्याचा त्यास धीर होत नाहीं. इतकीं वर्षें जो हंसत आला तो प्रथमच लाजतो.

आमच्या मतें ही लाज त्याची एकट्याची नव्हे. झेनोफेनीसनें जें आसन पाहून राग धरिला तें मल्लानें मागून घेतलेलें नव्हतें, नगरानें दिलेलें होतें. बोलेन्सिएविचनें आगगाडीचे आवाज काढा असें कोणास सांगितलें नव्हतें. खेळाडूचें शरीर वापरावयाचें, त्याबद्दल टाळ्या द्यावयाच्या, शिक्षण मात्र द्यावयाचें नाहीं, आणि नंतर त्याच्या अज्ञानास हसावयाचें, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. ज्या घरांत विद्येचा मान आहे तेथें हें विशेषच ध्यानांत ठेविलें पाहिजे. कारण हसण्याचा अधिकार आपलाच आहे असें तेथें सहज वाटूं लागतें. तालमींत रमणाऱ्या मुलास 'याचें डोकें चालावयाचें नाहीं' असें सांगून पुस्तकापासून मोकळें करणें ही दया नव्हे. त्याच्याजवळ शक्ति आहे आणि बहुधा निर्मळ मनहि आहे. तिसरी वस्तु त्यास देण्यासाठींच शाळा असतात.