प्रीमियर पद्मिनीचा जीर्णोद्धार : छोटे गॅरेज, जुनी गाडी आणि तिचे कागद

परदेशी स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या पुण्या-मुंबईतील घराखाली एक गाडी ताडपत्री पांघरून उभी असते. बहुधा ती फियाट असते. कागदोपत्री ‘प्रीमियर पद्मिनी’. वडिलांच्या पश्चात ती विकवत नाही, सोसायटी ती हलवण्याविषयी पत्रे पाठवते, आणि सुट्टीच्या तीन आठवड्यांत तिचे काय करायचे हे काही ठरत नाही. अशा गाडीचा जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, तो कोण करतो आणि त्यातील कोणते निर्णय मागे घेता येत नाहीत, याविषयीची ही माहिती.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात आरंभी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५०च्या दशकात ‘फियाट ११००’ भारतीय रस्त्यांवर आली. गोलसर पाठीच्या त्या जुन्या गाडीला महाराष्ट्राने ‘डुक्कर फियाट’ हे नाव प्रेमानेच दिले. १९६४ पासून ‘११०० डी’ हे मॉडेल बनू लागले. १९७३ मध्ये त्याचे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. म्हणजे पद्मिनी ही मुळात साठीच्या दशकातील इटालियन गाडी. ती किरकोळ फेरफारांसह विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच, ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली.

या शेवटच्या घटनेचा खासगी गाड्यांच्या दुरुस्तीशी थेट संबंध आहे. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या तोवर पद्मिनीचे सुटे भाग दुकानात सहज मिळत, आणि तिचे इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री प्रत्येक उपनगरात असत. आता मागणी हौशी मालकांपुरती उरली आहे. क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, गॅस्केट असा झिजणारा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत अद्याप सापडतो. मात्र दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, काचांची रबरे, डॅशबोर्डची मूळ घड्याळे यांसाठी भंगारबाजार आणि ओळखी यांवरच भिस्त ठेवावी लागते. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर घडवता येतो. घडवून घेणारा जाणता माणूस मिळणे अधिक अवघड झाले आहे.

तो माणूस बहुधा एखाद्या लहान, घरच्या गॅरेजात असतो. बाप इंजिन पाहतो, मुलगा वायरिंग आणि फोटो पाठवण्याचे काम सांभाळतो, चुलतभाऊ किंवा मेहुणा पत्र्याचे काम करतो. दोन-तीन गाड्या मावतील एवढीच जागा. सर्व कामे तेथे होत नाहीत: क्रँक घासणे आणि बोअर करणे लेथवाल्याकडे, रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे, बंपरचा क्रोम मुलामा देणाऱ्याकडे, गाद्या सीटवाल्याकडे जातात. मिस्त्रीचे खरे भांडवल म्हणजे कोणते काम कोणाकडे द्यायचे आणि परत आलेला भाग बसवण्यापूर्वी कसा तपासायचा याचे ज्ञान. मोठ्या अधिकृत कार्यशाळेत हे ज्ञान नसते, कारण तेथील काम संगणकाने दोष दाखवायचा आणि भाग बदलायचा या पद्धतीने चालते. पद्मिनीला जोडता येईल असा संगणकच नाही. मात्र घरच्या गॅरेजातील हे ज्ञान क्वचितच लिहिलेले असते. पुढच्या पिढीने दुसरा व्यवसाय धरला की ते त्या घरातून संपते.

चालू करणे आणि पूर्ववत करणे

मालकाने प्रथम हे ठरवावे, की गाडी केवळ चालू करायची आहे की पूर्ववत करायची आहे. पहिले काम आठवड्यांचे, दुसरे अनेकदा वर्षभराचे. दोहोंमधला फरक न ठरवता काम सुरू होते तेव्हा खर्च दुसऱ्याचा होतो आणि गाडी पहिल्यासारखीच दिसते.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बदलून लगेच सेल्फ मारणे ही सर्वांत महागडी घाई. जाणता मिस्त्री आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडतो, ते एक-दोन दिवस मुरू देतो आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहतो. अडकलेल्या पिस्टनवर सेल्फचा जोर पडला तर रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे पडतात. टाकीतील जुने पेट्रोल, इंजिनातील ऑइल आणि रेडिएटरमधील गंजके पाणी काढून टाकावे लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे चाकांतील ब्रेक सिलिंडर आतून गंजून जाम झालेले असतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयोमानाने कडक झालेले असते. ते बदलावेच लागतात.

इंजिन स्वतः साधे आणि चिवट आहे. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १०८९ घन सेंटिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. पाणी कमी पडून इंजिन तापले की हे हेड वाकते आणि गॅस्केट जाते. म्हणून ते यंत्रावर सपाट करून घेतल्याखेरीज नवी गॅस्केट टिकत नाही. सिलिंडर झिजले असतील तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. बोअर वाढवण्यास जागाच उरली नसेल तर स्लीव्ह घालतात. स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या दांड्याची तक्रार तर प्रत्येक घराला ठाऊक आहे: गिअर पडत नाही, पडला तर निघत नाही. बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सचा नसून दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांतील झिजलेल्या बुशांचा असतो. गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला मिळाल्यास आधी या बुशांविषयी विचारावे.

खरी कसोटी पत्र्याची

इंजिन बिघडलेली गाडी वाचते, पत्रा गेलेली वाचेलच असे नाही. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते; बॉडी हाच सांगाडा असतो. पायाखालचा पत्रा, दारांखालचा उंबरठा, चाकांच्या कमानी आणि स्टेपनीची जागा या ठिकाणी कोकणपट्टीचे पावसाळे मुरलेले असतात. उंबरठा कुजला असेल तर तो कापण्यापूर्वी बॉडीला आतून आधाराचे लोखंड जोडावे लागते. तसे न करता कापला तर बॉडी मधोमध खचते आणि नवा पत्रा जोडल्यानंतर दारे लागत नाहीत. ही चूक रंगानंतर सुधारत नाही.

घाईचे किंवा स्वस्तातले काम म्हणजे गंजावर पत्र्याचे ठिगळ आणि त्यावर लांबीचे जाड थर. रंग चढल्यावर ते आरशासारखे दिसते. दोन पावसाळ्यांत फुगते. लोहचुंबक कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवला तर लांबीच्या जाड थरावर तो चिकटत नाही. परदेशातील मालकाला हे करता येत नाही, म्हणून त्याने एक अट आधीच घालावी: जुना रंग पूर्ण खरवडल्यानंतर आणि प्राइमर मारण्यापूर्वी, उघड्या पत्र्याचे फोटो व चित्रफीत मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता देणार नाही. प्रामाणिक मिस्त्रीला या अटीचे वावडे नसते. अंदाजपत्रकही इंजिन, पत्रा, रंग, वायरिंग असे वेगवेगळे लिहून घ्यावे आणि कुजलेला पत्रा उघडल्यावर आकडा वाढू शकतो हे गृहीत धरावे. त्या वाढीला फसवणूक समजणे अनेकदा अन्यायाचे ठरते. रंगाखाली काय आहे हे कोणालाच आधी दिसत नाही.

रंगाविषयी एक छोटी गोष्ट. गाडीचा मूळ रंग आठवणीवर ठरवू नये, कारण मधल्या काळात ती एकदा तरी रंगवलेली असतेच. डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या गाद्यांखाली मूळ छटा सापडते.

कागद आधी, हातोडा नंतर

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर मालकी हस्तांतर हे पहिले काम. वारसाने मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरावा, असा नियम आहे. मुदत कित्येक वर्षांपूर्वी उलटलेली असली तरी काम टाळून चालत नाही. नोंदणी वारसाच्या नावावर नसेल तर विमा आणि नूतनीकरण दोन्ही अडतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीच्या वेळी चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. म्हणून पत्र्याचे काम करताना तो नंबर असलेला भाग घासला किंवा कापला जाणार नाही, हे मिस्त्रीला लेखी सांगावे. नंबर गेला तर उत्तम रंगवलेली गाडीही कायद्याच्या दृष्टीने अनोळखी ठरते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, मुदत १० वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. १९७४च्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोचल्या. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी या वर्गात बसत नाही, हे नव्या मोटारीचे इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्याशी बोलताना ध्यानी असावे. त्या सोयीची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागेल.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. भारतात आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्रास विकले जाते. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो वा तडकतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आणि कार्बोरेटर आतून गंजतात. जीर्णोद्धारात इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदे घालून घ्यावेत, आणि जी गाडी वर्षातून दोनदाच चालणार आहे तिची टाकी भरून ठेवू नये.

गाडी सोबत नेण्याचा विचारही काही जण करतात. अमेरिकेत २५ वर्षांहून जुन्या गाडीला तेथील सुरक्षा-मानकांतून आणि २१ वर्षांहून जुन्या, मूळ इंजिनाच्या गाडीला प्रदूषण-मानकांतून सूट आहे. नोंदणी आणि धूर-तपासणीचे नियम मात्र राज्यागणिक निराळे, कॅलिफोर्नियात ते विशेष कडक. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता-कर माफ होतो आणि वार्षिक तपासणीचीही सक्ती नसते, आणि स्टिअरिंग उजवीकडे असल्याने पद्मिनी तेथे चालवायला सोपी जाते. सुटे भाग मात्र कुर्ल्याहूनच मागवावे लागतील, तेव्हा झिजणाऱ्या भागांचा एक खोका गाडी जहाजावर चढण्यापूर्वीच मिस्त्रीकडून भरून घेतलेला बरा.